वस्तऱ्यावर पाऊण तास

१५ जानेवारी १९८९

प्रिय खुशाल,

दोन महिने तुला एक ओळ लिहिली नाही, याची माफी मागतो. पाच वेळा लिहायला बसलो होतो, याला डायरी साक्षी आहे. रोज संध्याकाळी मी पानाखाली उद्याचं एकच काम लिहितो, हे तुला माहीत आहे. एकच, कारण दोन लिहिली की मी सोपं ते करतो. 'उद्या: खुशालला पत्र' असं पाच पानांवर आहे. म्हणजे एकच काम लिहिलं तरी मी पळवाट काढू शकतो, हे माझ्याबद्दल नव्यानं कळलं.

पत्ता तुझ्या मेहुण्याकडून, रुखमिणीवहिनींच्या भावाकडून मिळाला. तो आसगावच्या बाजारात भेटला. म्हणाला, भाटवा कारध्याले पुलाजवळ खुर्ची टाकून बसतेत, ट्रकवाल्यांच्या दाढ्या करतेत, बरं चाललं आहे. 'बरं चाललं आहे' हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

तू दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईच्या दिवशी, तिथेच होतास. तरी माझ्या बाजूनं एकदा सांगू दे. नागपूरला आम्हा आरोग्य शिक्षकांचं एका दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. आपल्या देशात नुकताच सापडलेला, औषध नसलेला रोग: एड्स. परतलो तर गावात मंडई. दुपारी दंडार सुरू व्हायची होती, नट तयार होत होते, माइक मोकळा होता. पुंडलिकराव सरपंच म्हणाले, "इश्वरभाऊ, तुमचा थो नवा रोग सांगून टाका. लोक बसलेच आहेत." मी सांगितला. हातात सायक्लोस्टाइल कागद होता. त्यावर वस्तऱ्याचा उल्लेख होता, खुशाल. एकाच वस्तऱ्यानं अनेकांची दाढी केली, कापलं, रक्त लागलं, तर धोका संभवतो. मी मनचं काही जोडलं नाही.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. वीस वर्षं दंडारीत राणी होणारा तुलाराम तुझ्यासमोर स्टुलावर बसला होता, तोंडाला साबण लावून. तो साबणासकट उठला. तू म्हणालास, "बस गा, राणीले दाढी शोभत नाही." तो म्हणाला, "मी मेलो त राणी कोण करन?" आणि तशीच दाढीची खुंटं घेऊन, लुगडं नेसून, उभा राहिला. राजा म्हणाला, "हे चंद्रमुखी," आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही, एवढे लोक हसले. मीही हसलो. ते मला आता आठवतं.

तू आठव्या दिवशी गेलास. तेव्हापासून गावाचं तोंड बदललं आहे. अर्धे पुरुष दाढीवाले झाले, अर्धे बायकोच्या हातून कात्रीनं कातरून घेतात. मागच्या आठवड्यात धरणाच्या मोजणीचे साहेब आले. ग्रामपंचायतीचे नऊच्या नऊ सदस्य दाढी वाढवून ओळीत उभे. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, गावानं धरणाच्या निषेधात काही व्रत घेतलं आहे का. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. डायरीत त्यावर अर्धं पान आहे.

लोक आता बरंच विसरले आहेत. तू परत ये. सुलोचना तुमची दोघांची आठवण काढते.

तुझा,
इश्वर


१२ फेब्रुवारी

प्रिय खुशाल,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कोऱ्या कार्डावर तू एकच ओळ लिहिलीस: 'पत्र भेटलं. तुई दाढी कोण करते?'

कार्ड उघडं असतं. पोस्टमननं वाचलं, त्याच्याकडून सुलोचनानं ऐकलं, आणि मला देताना ती म्हणाली, "उत्तर द्या आता."

देतो. मी स्वतः करतो.

नागपूरच्या प्रशिक्षणातून सुटल्यावर मी सीताबर्डीवर गेलो आणि सेफ्टी रेझर घेतला. पात्यांचं पाकीट, छोटा आरसा, सगळं. म्हणजे मंडईतल्या भाषणाच्या दोन दिवस आधीच तो माझ्या पिशवीत होता. गाव भाषण ऐकून घाबरलं, मी भाषण द्यायच्या आधीच घाबरून बसलो होतो. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तुला माहीत नसेल असं मी धरून चाललो. कशावरून धरलं, ते विचारू नकोस.

मंडईनंतरच्या रविवारी तू आलास. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी येतोस तसाच, धोकटी काखेत. मी न्हाणीत होतो, तोंडाला साबण, हातात तो रेझर. सुलोचनाला मी खुणेनंच सांगितलं. तिनं दारात जाऊन सांगितलं, "ते घरी नाहीत." मला वाटलं तू जाशील. तू थांबलास. मग तुझा आवाज आला, "पाण्याचा आवाज येऊन राहिला, वहिनी."   धोकटीतल्या वाटीचा खळखळ आवाज अंगणातून लांब गेला, तेवढंच. मी गालावर दोन जागी कापून घेतलं. सुलोचना त्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, "माह्याकडून यापुढे खोटं बोलवू नका. मले जमते, मंग वाईट वाटते." ती माझ्यापेक्षा सरळ आहे.

तू भाषणामुळे गेलास, असं मी गावाला सांगत होतो. तू त्या रविवारमुळे गेलास. नुसत्या गावानं वस्तरा नाकारला असता तरी तू तिथेच पाय रोवून बसला असतास. तुझ्या वडिलांना गावानं दोनदा नाकारलं होतं, आणि दोन्ही वेळा आधी गावालाच खाज सुटली.

आता लिहितोच आहे तर कागदाचंही लिहितो. 'मनचं काही जोडलं नाही' हे खरं आहे. गाळलं किती, ते लिहिलं नव्हतं. कागदावर चार मुद्दे होते. पहिला: बाधा झालेल्या माणसाशी शरीरसंबंध, आणि त्यात बचाव म्हणून निरोध. याच्याखाली दोन रेघा होत्या. दुसरा: रक्त देताना-घेताना. तिसरा: न उकळलेल्या इंजेक्शनच्या सुया, आणि त्या ओळीच्या शेवटी कंसात 'वस्तरा इ.' चौथा: आईकडून पोटातल्या बाळाला. मी त्या कंसावर पाऊण तास बोललो.

असं का झालं, हे मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मी माइकवर आलो, पहिला मुद्दा वाचायला तोंड उघडलं. पहिल्या रांगेत सरपंचांच्या आई चंद्रभागाबाई, मांडीवर नातू. त्यांच्यामागे शाळेच्या मुली. तिसऱ्या रांगेत सुलोचना. चौदा वर्षं मी कुटुंब नियोजनाचं काम करतो, पण निरोधाला अजून 'साधन' म्हणतो, आणि ते पुरुषाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, जणू चोरीचा माल आहे. तोंडातून शब्दच निघेना. माइक कुईं करून ओरडला. मी नजर वर केली, तर पडद्याशेजारी तू पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावत होतास. शिक्षकाला समोर उदाहरण दिसलं की तो सुटतो. मी सुटलो.

म्हणजे माझी लाज झाकायला मी तुझा वस्तरा वापरला.

आता परत ये असं म्हणत नाही. मागच्या पत्रात 'लोक विसरले' असं लिहिलं होतं, तेही खरं नव्हतं. तुलाराम अजून दाढी ठेवून आहे, आणि पुढच्या मंडईत राणीऐवजी ऋषी करणार म्हणतो.

इश्वर


७ मार्च

प्रिय खुशाल,

या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण बातमी तुला कळवायलाच हवी. सरपंचांचे थोरले काका गेले. नव्वदीचे होते, झोपेतच गेले. तू गेल्यापासून त्यांनी कोणाला गालाला हात लावू दिला नव्हता. "खुशाल येईन तवा करन," म्हणायचे. दाढी छातीपर्यंत आली होती. तिरडीवर ते खरोखर ऋषीसारखे दिसत होते, आणि तुलाराम त्यांच्याकडे फार लक्ष देऊन बघत होता.

अडचण आली दहाव्याला. मुंडण कोण करणार? पुंडलिकरावांनी आसगावला माणूस पाठवला, पवनीला पाठवला, नदीपलीकडेही पाठवला. तुमच्या समाजाचा सगळीकडून एकच निरोप आला: आमच्या हातानं रोग होते म्हणता ना, मंग आता कायले बोलावता? निरोप सांगताना माणसं अदबीनं बोलली म्हणे. एकानं चहाही पाजला.

नवव्या दिवशी पुंडलिकराव माझ्या ओसरीवर आले. बसले नाहीत.

"इश्वरभाऊ, तुमच्यापाशी ते मशीन आहे म्हणतेत."

मी म्हणालो, "ते दाढीचं आहे. डोक्याचं नाही."

"डोकं कातडीच आहे ना? आन् हे सारं तुमच्या भाषणापायी होऊन राहिलं. माह्या काकाचा जीव अडकला त मी त्याले तुमचा पत्ता देईन."

मी आत जाऊन पाती मोजली.

दहाव्याच्या दिवशी वैनगंगेच्या काठी अकरा डोकी ओळीनं बसली. खुशाल, तुझ्या कामाबद्दल मी आजवर काय समजत होतो, याची मला लाज वाटते. मी आधी सुलोचनाच्या कापडाच्या कात्रीनं केस कातरले. मग रेझर लावला. तो दोन बोटं गेला आणि केसांनी भरून बंद पडला. धुतला, पुन्हा लावला, पुन्हा बंद. तू माणसाचं डोकं एका हातानं असं वळवतोस की त्याला कळतही नाही. मी पुंडलिकरावांची मान वळवली तर ते म्हणाले, "काढून घेता काय?" प्रत्येक डोक्याला नवं पातं, हा माझा नियम होता, तो मी पाळला. तुरटीचा खडा चौथ्या डोक्याला संपला. भटजी पिंड मांडून बसले होते, कावळे समोरच्या झाडावर. तिसरं डोकं होईस्तोवर कावळे कंटाळून उडून गेले. भटजी मला म्हणाले, "घाई करा असं म्हणत नाही, पण तिथी बदलन."

आता जे खरं सांगायचं आहे ते.

सातवा भैयालाल होता. सरपंचांचा चुलतभाऊ, कलकत्त्यापर्यंत ट्रक नेणारा. त्याच्या डोक्याची एक बाजू झाली होती, दुसरी व्हायची होती. तो मजेत बोलत होता. म्हणाला, "इश्वरभाऊ, तुमच्या भाषणाचा मले लय फायदा झाला."

मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी असं म्हणालं होतं. मी विचारलं, "कसा?"

"मी रस्त्यावर वस्तरा लावूनच घेत नाही. रायपूर नाही, खडगपूर नाही. घरून निघतो दाढी करून, घरी येतो दाढी घेऊन. बाकीचे डरायवर मरतीन, मी नाही. बाकी आपलं सारं जसं होतं तसंच चालू आहे. धाब्यावर थांबतो, मुक्काम करतो. त्याची त काही भीती नाही ना?"

माझा हात थांबला. मुक्काम म्हणजे काय, हे त्यानं डोळा मिचकावून सांगितलं. तोच डोळा मिचकावून इतरही सांगत असणार. माझ्या पाऊण तासानं गावातला एक न्हावी घालवला, एवढंच मी समजत होतो. त्याच पाऊण तासानं या माणसाला मी अभय दिलं होतं. घरी त्याची जमुना आहे, तिला आता सहावा महिना आहे.

मी वाकलो आणि त्याच्या कानात पहिला मुद्दा सांगितला. पूर्ण. शब्दासकट. दोन रेघांसकट. वस्तऱ्याचा धोका कंसातला आहे, आणि तू ज्याला मुक्काम म्हणतोस तो पहिला मुद्दा आहे, असं सांगितलं. मग चौथाही सांगितला.

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. अर्धं डोकं पांढरं, अर्धं काळं. मग म्हणाला, "हे मंडईत काहून नाही सांगितलं?"

"बाया बसल्या होत्या."

"बाया बसल्या होत्या म्हणूनच सांगाले पाहिजे होतं, भाऊ." मग त्यानं विचारलं, "मले झाला असन काय?"

मी म्हणालो, मला माहीत नाही, डोळ्यांनी बघून कोणालाच कळत नाही. तपासणी कुठे होते ते नागपूरला विचारतो, तुझ्यासोबत मी स्वतः येतो. तोवर घरीसुद्धा निरोध. त्यानं मान हलवली आणि त्यात मी त्याला कानामागे कापलं. त्याची उरलेली बाजू मग जेमतेम, खुंटं ठेवूनच उरकली.

उरलेल्या चार डोक्यांना मी कानात तेच सांगितलं. सातव्यापर्यंत मला शब्द जड जात होता, अकराव्यापर्यंत सोपा झाला. आधीच्या सहांना संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं. पुंडलिकराव ऐकून म्हणाले, "हे मले सकाळीच सांगतलं असतं त मी मान तरी कमी हलवली असती."

ज्याच्या गळ्याशी धार आहे तो माणूस ऐकतो. हे तुला नक्कीच आधीपासून माहीत असणार.

इश्वर


८ एप्रिल

प्रिय खुशाल,

हे पत्र टपालात टाकत नाही. कारण शेवटी कळेल.

भैयालाल परवा परतला. आधी तपासणीचं सांगतो. नागपूरला आम्ही दोघं मागच्या महिन्यात जाऊन आलो. त्याला बाधा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे, तेव्हाही मी जाणार. परत येताना एस.टी.त तो पवनी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला होता. पवनीला उतरल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "भाऊ, आता डोक्याचं काही करा." त्याचं डोकं अजून शेत अर्धं कापून ठेवल्यासारखं दिसत होतं.

म्हणून या खेपेला त्यानं कारध्याला ट्रक थांबवला. तुझ्या खुर्चीत बसला. तू टॉवेल काढून विचारलंस म्हणे, "हे डोकं कोणं बिघडवलं?" त्यानं माझं नाव सांगितलं आणि तू वस्तरा खाली ठेवून हसलास. रुखमिणीवहिनी घरातून बाहेर येईपर्यंत हसलास. हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मीही तीनदा ऐकून घेतलं.

मग त्यानं दुसरं सांगितलं. तू पातं बदलायचा नवा वस्तरा घेतला आहेस, प्रत्येक माणसाला नवं पातं, त्याच्यादेखत कागद फाडून. आणि गिऱ्हाईकाची मान मागे टाकली, गालाला साबण लावला, धार गळ्याशी नेली, की तू पहिला मुद्दा सांगतोस. उत्तरेकडच्या ड्रायव्हरला हिंदीत, आपल्याकडच्याला आपल्या भाषेत. निरोधाचं नाव घेऊन. बाजूला डबा ठेवला आहेस, भंडाऱ्याच्या दवाखान्यातून स्वतः मागून आणलेला. भैयालालला तू सगळं सांगायला लागलास तेव्हा तो म्हणाला, "हे मले इश्वरभाऊनं सांगतलं." तर तू म्हणालास, "त्यानं सांगतलं? तोंडानं?"

मी पगारी आरोग्य शिक्षक. तू कोणाच्या प्रशिक्षणाला गेला नाहीस. माझ्या फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला कबुली म्हणून चार मुद्दे लिहिले. तू ते कबुली म्हणून वाचलेच नाहीस, काम म्हणून वाचलेस. याचा मला हेवा वाटला. हेवा वाटला हे डायरीत लिहिलं, मग हेवा वाटायला नको होता असं लिहिलं, मग दोन्ही खोडलं.

भैयालालनं तुझं कार्डही आणलं. 'भैयालालचं डोकं पाहिलं. पोट दुखेस्तोर हासलो. पण तुले अजून माफ नाही केलं. जे गाळलं थे त्याच माइकवर बोल. बाया बसल्या असतीन तवा. मंग पाहू.'

काल पाडव्याच्या सकाळी गाव मारुतीच्या पारावर जमलं. भटजींचं पंचांग वाचून झालं, कडुनिंब वाटून झाला, आणि मी पुंडलिकरावांकडे माइक मागितला. ते म्हणाले, "किती वेळ?" मी म्हणालो, दहा मिनिटं. ते म्हणाले, "मागच्या वेळी पाच म्हटले होते."

पहिल्या रांगेत चंद्रभागाबाई. मागे मुली. सुलोचना यावेळी दुसऱ्या रांगेत, मुद्दाम पुढे सरकून. मी कागद काढला नाही. म्हणालो, मंडईत मी तुम्हाला चार गोष्टींपैकी एकच सांगितली, आणि तीही सगळ्यात लहान. मोठी गाळली, कारण मला लाज वाटली. हा रोग मुख्यतः शरीरसंबंधातून होतो. शब्द माइकमधून गेला आणि देवळाच्या भिंतीला लागून परत आला. मी थांबलो. कोणी उठून गेलं नाही.

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "बाप्पा, एवढंच होतं? मले आठ लेकरं झाली, थे काय वस्तऱ्यानं झाली?"

मग जो हशा झाला, त्यात मी उरलेले तीन मुद्दे कसे सांगितले ते मलाच आठवत नाही. पण सांगितले. निरोध हा शब्द सहा वेळा आला, सुलोचनानं मोजले. हात लावल्यानं, सोबत जेवल्यानं, एका विहिरीचं पाणी प्यायल्यानं होत नाही, हे सांगितलं. जमुनाबाई पोटावर पदर घेऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "आमी नवऱ्याले काय म्हणाचं? आमचं कोण ऐकते?" हा प्रश्न कागदावर नव्हता. मी म्हणालो, निरोध वापर म्हणा, नाही तर नाही म्हणा, आणि ऐकलं नाही तर माझ्याकडे पाठवा. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कायले? माह्याकडे पाठव." भैयालाल कडुनिंबाच्या झाडामागे उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्यांदेखत माझ्याकडचं पाकीट घेऊन गेला. वर्तमानपत्रात न गुंडाळता. त्याच्यानंतर ओळ लागली असं म्हणणं खोटं होईल. चार जण आले, आणि तुलाराम फक्त बघायला आला.

शेवटी तुझं सांगितलं. खुशालच्या वस्तऱ्यात दोष नव्हता, तो न उकळता पुढच्याला लावण्यात होता, आणि उकळला किंवा पातं बदललं की प्रश्न संपतो, हे मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. ते न सांगता मी पाऊण तास बोललो. एवढ्यावर थांबावं असं वाटलं. मग न्हाणीचंही सांगितलं. तुझा आवाज, पाण्याचा आवाज, गालावरचे दोन काप. बाया हसल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. पुरुषांपैकी प्रत्येकानं त्या आठवड्यात तुला कुठल्या ना कुठल्या दारातून परत पाठवलं होतं.

सभा संपल्यावर पुंडलिकराव म्हणाले, गाव त्याला मानानं बोलावणार, पंच जातील. मी म्हणालो, पंच नंतर. तू यावंस असं मला वाटतं, पण तू यायलाच हवंस असं मला आता वाटत नाही. पुलाजवळच्या खुर्चीत बसून तू जे करतो आहेस ते इथल्या पारावरून होणार नाही. हे मी उदारपणानं लिहितो आहे, की तू येणार नाहीस या भीतीनं आधीच मन घट्ट करतो आहे, ते मला नीट ठरवता आलेलं नाही. तू मला बघशील तेव्हा तुलाच कळेल. माझा चेहरा तू माझ्यापेक्षा जास्त जवळून बघितला आहेस.

सेफ्टी रेझर मी काल तुलारामला देऊन टाकला. त्याला मंडईत पुन्हा राणी व्हायचं आहे. माझे गाल काल-आज तसेच आहेत, खाजतात, आणि सुलोचना म्हणते मी सरपंचांच्या काकांसारखा दिसायला लागलो आहे.

उद्या: पहिल्या एस.टी.नं कारधा, दाढीसाठी.